कळलावी: दारात ठेवावी की उपटावी?

पाऊसवाट

मंडळी, तातडीचा आहे म्हणून वेगळा धागा काढतोय.

देवरुखजवळ आमचं जुनं घर आहे. मागच्या वर्षी डागडुजी करून राहायला आलो. यंदा पहिल्या पावसानंतर मागच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, एक वेल वर आला. पानांची टोकं कुरळी होऊन करवंदीच्या जाळीला धरून चढत गेला आणि श्रावणात फुलला. खाली पिवळ्या, वर लालभडक, मागे वळलेल्या पाकळ्या, जाळीवर कुणी निखारे ठेवावेत तशा. कळलावी. फूल इतकं देखणं की मला उपटवत नाही.

पण घरात तीन मतं आहेत. आईचं म्हणणं, कळलावी दाराशी असली की घरात भांडणं लागतात, आजच्या आज काढ. आत्याचं (वय ७८) म्हणणं, बायको सातव्या महिन्यात आहे, तर कंद खणून सुकवून ठेव, वेळेला कमरेला बांधायचा, बाळंतपण सुटसुटीत होतं. बायको म्हणते, फूल असू दे, पण मुलीचं काय? मुलगी तीन वर्षांची आहे, हाताला लागेल ते तोंडात घालते.

वेल विषारी आहे इतकं ऐकून आहे. पण म्हणजे किती? आणि सुइणी हे खरंच वापरत होत्या का? आत्याला 'अंधश्रद्धा' म्हणून गप्प करणं सोपं आहे. मला ते करायचं नाही. नीट समजून घ्यायचंय.

गडवाट

फोटो टाका ना! राजमाचीच्या वाटेवर पावसाळ्यात झुडपांमधून अशीच पेटलेली दिसते. फूल उमलताना हिरवट असतं, मग पिवळं, मग नारिंगी, शेवटी पूर्ण लाल. एकाच वेलावर चारही रंग सापडतात.

तळकोकणी

आमच्याकडे ह्या फुलांक 'गौरीचे हात' म्हणतत. गौर आणतत तेव्हा ही फुलां लागतातच. तेरडो आसता, हळदीची पानां आसतत, पण हात नसले तर गौर अपुरी. आमची आये पाकळ्यो दाखवून सांगायची, बघ, गौरीन बोटां कशी पसरल्यानी हत.

माजघर

तळकोकणी, किती छान! आमच्या रत्नागिरीकडेही गौरीला ही फुलं असतात, पण नाव आज कळलं.

पाऊसवाट, भांडणाचं आम्हीही ऐकलंय. मला वाटतं तो सगळा शब्दाचा खेळ असावा. कळ म्हणजे वेण. बाळंतपणाच्या कळा लावणारी ती कळलावी. पण आपल्याकडे 'कळ लावणे' म्हणजे चहाडी करून भांडण पेटवणंही. नारदमुनींना आपण कळलाव्या म्हणतोच. त्यामुळे बिचाऱ्या वेलाच्या माथी नारदाचं काम आलं.

वैद्य_सह्यकुशी

माजघर, तुमचा अंदाज चांगला आहे, पण गोष्ट थोडी जुनी आहे. संस्कृतातही हिला 'कलिकारी' हे नाव आहे, आणि कलि म्हणजे कलह. म्हणजे भांडणाची समजूत फक्त मराठी शब्दावरून आलेली नाही.

बाकी नावं पाहिली तरी वनस्पतीची ओळख पटते. लांगली किंवा हलिनी, कारण कंद नांगरासारखा दोन फाळ्यांत वाकलेला. अग्निशिखा, फुलावरून. विशल्या, शरीरात रुतलेलं शल्य बाहेर काढणारी. आणि गर्भपातिनी. या शेवटच्या नावाकडे पाऊसवाट यांनी नीट पाहावं. आपल्या पूर्वजांनी धोक्याची पाटी नावातच लावून ठेवली आहे.

आयुर्वेदात सात उपविषं सांगितली आहेत: रुईचा चीक, थोराचा चीक, धोत्रा, कळलावी, कण्हेर, गुंज आणि अफू. कळलावीचा कंद औषधात घ्यायचा तर आधी शोधन, म्हणजे विष सौम्य करण्याची प्रक्रिया, करावं लागतं, त्यासाठी तो दिवसभर गोमूत्रात ठेवतात. बहुतेक उपयोग बाहेरून, म्हणजे लेप आणि तेलं. मूळव्याधीवर वापरतात त्या कासीसादि तेलात लांगली असते. अडलेल्या बाळंतपणात किंवा वार पडत नसेल तर तळपायांवर, तळहातांवर कंदाचा लेप सांगितला आहे. तेव्हा सुइणींच्या वापराला शास्त्राचा आधार नव्हता असं नाही.

तरीही माझ्याकडे सातव्या महिन्यातली बाई आली तर मी कळलावी तिच्या जवळपासही येऊ देणार नाही. कंदाच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. कळा केव्हा, किती, कुठवर, हे हातात नसेल तर कळा लावण्यात शहाणपण नाही. उगाळून लावणं, पोटात देणं, काहीही करू नका.

नातू_अकोल्याचा

माझी पणजी अकोले तालुक्यात सुईण होती. विदर्भातलं अकोला नव्हे, भंडारदऱ्याजवळचं. आजीकडून ऐकलेलं सांगतो. पणजी कंद कधीच पोटात देत नसे. सुकलेला तुकडा काळ्या दोऱ्यात ओवून बाईच्या कमरेला किंवा केसांत बांधायची आणि मूल बाहेर येताक्षणी, नाळ कापायच्याही आधी, दोरा तोडून फेकायची. एक क्षण उशीर झाला तर 'आतलं सगळं बाहेर येईल' असं म्हणायची. आघाड्याच्या मुळीचंही असंच. ती केसांत खोचायची, मूल झालं की पहिली ती काढायची.

म्हणजे त्या बाईला माहीत होतं की ही वस्तू साधी नाही. वापरली ती भीत भीत, आणि स्वतःच्या हाताने. इथे सगळे लगेच 'विष विष' म्हणतात त्याचं मला वाईट वाटतं. गावात मैलोनमैल डॉक्टर नव्हता तेव्हा याच बायांनी पोरं जन्माला घातली.

रात्रपाळी

नातू_अकोल्याचा, तुमच्या पणजीबद्दल मनापासून आदर आहे. पण मी आपत्कालीन विभागात काम करतो आणि 'विष विष' का म्हणतो ते मला सांगायलाच हवं.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात दोन भाऊ आमच्याकडे आले. मोठा विशीतला, धाकटा शाळकरी. शेताच्या बांधावर कंद सापडले, करांदे समजून चुलीत भाजून खाल्ले. कडू लागले म्हणून धाकट्याने अर्धाच खाल्ला. दुपारी खाल्लेलं, संध्याकाळपर्यंत दोघं ठणठणीत. रात्री उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. गावात गॅस्ट्रो समजून सलाईन लावलं. आमच्यापर्यंत पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. कंदाचा विषय तर त्यांच्या आईने सहज काढला, आम्ही 'परवा काय जेवलात' असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा.

कळलावीत कोल्चिसिन असतं. कंदात आणि बियांत भरपूर, पण वेलाचा कुठलाही भाग सुरक्षित नाही. हे द्रव्य पेशींचं विभाजन मध्येच थांबवतं. म्हणून जिथे पेशी सतत नव्या होतात तिथे पहिला घाव बसतो: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं. आधी काही तास काहीच जाणवत नाही. मग पटकीसारखे जुलाब. एखाद्या दिवसाने रोगी जरा सावरल्यासारखा वाटतो आणि नेमक्या त्याच वेळी आत मूत्रपिंड, यकृत, हृदय कोलमडायला लागतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात. यावर सहज मिळेल असा उतारा नाही. आपण फक्त शरीराला टेकू देत राहायचं.

दोघंही वाचले. मोठा सोळा दिवस आमच्याकडे होता. दुसऱ्या आठवड्यात त्याचे केस उशीवर पुंजक्यांनी गळून पडले. आई रोज सकाळी ते गोळा करून कागदात गुंडाळायची. मी ते विसरलेलो नाही.

शिजवून किंवा भाजून हे विष जात नाही. कुणी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा आणि वेलाचा तुकडा सोबत घेऊन निघा. मिठाचं पाणी, तूप, दूध पाजून उलटी काढत बसू नका, त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

नातू_अकोल्याचा

रात्रपाळी, वाचून गप्प झालो. धाकटा मुलगा आता बरा आहे ना?

रात्रपाळी

हो. बारावी झाला. पेढे घेऊन आला होता.

हिरवी_फांदी

करांदा आणि कळलावी यांतला फरक लिहिते, कोकणात दोन्ही एकाच बांधावर सापडतात.

करांद्याचं पान मोठं, हृदयाच्या आकाराचं, शिरा ठळक, आणि वेलीवर बटाट्यासारखे करांदे लटकतात. कळलावीचं पान लांब, भाल्यासारखं, देठ जवळजवळ नाहीच, आणि पानाचं टोकच तणाव्यासारखं वळून आधार पकडतं. कळलावीचा कंद बोटाएवढा जाड, गुळगुळीत, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. खरी पंचाईत दिवाळीनंतर होते. वरचा वेल वाळून नाहीसा होतो आणि जमिनीत नुसता कंद उरतो. तो कुदळीला लागला की ओळखायला ना पान, ना फूल. श्रीलंकेत हा कंद रताळं समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. नियम साधा: वेल पाहिल्याशिवाय रानातला कंद घरात आणायचा नाही.

फुलातली एक गंमत पाहायची असेल तर स्त्रीकेसराची दांडी बघा. बुडाशीच काटकोनात वळून ती बाजूला बाहेर येते. फुलपाखराच्या पंखांना आधी परागकण लागावेत, मग ही दांडी लागावी, अशी ती रचना.

निलगिरी_एक्सप्रेस

बारा वर्षं कोइमतूरला आहे, म्हणून इकडचं सांगते. हे तमिळनाडूचं राज्यफूल आहे. इथे सेंगांदळ म्हणतात, कार्तिगै महिन्यावरून कार्तिगैप्पू असंही नाव आहे. तळकोकणींचं 'गौरीचे हात' वाचून अंगावर काटा आला. संगमकाळच्या तमिळ कवितेत स्त्रीच्या बोटांना कांदळच्या, म्हणजे याच फुलाच्या, पाकळ्यांची उपमा पुन्हा पुन्हा येते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवीला आणि मालवणच्या आयेला एकाच फुलात बोटं दिसली!

दुसरं म्हणजे, इकडे धारापुरम, ओट्टनचत्रम या भागांत याची रीतसर शेती होते. तारांच्या मांडवावर वेल चढवतात. हिरवी_फांदी म्हणाल्या ती वळलेली दांडी इथल्या शेतकऱ्यांच्या कामाला येते: फुलोऱ्यात माणसं रोज सकाळी हाताने परागीकरण करत फिरतात, नाहीतर शेंगा कमी धरतात. पीक बियांसाठी घेतात, बी औषध कंपन्यांना आणि परदेशी जातं. मी एक शेत पाहिलंय. मालकीणबाईंनी आत शिरण्याआधी मला बजावलं, कशालाही हात लावलास तर तोंडाला नको, डोळ्याला नको. त्यांची स्वतःची मुलं त्या मांडवाखालून शाळेत जातात, आणि एकही मूल फूल तोडत नाही.

कंबरडे

एक बाळबोध प्रश्न. विषारी आहे तर औषध कंपन्या बी घेऊन करतात काय?

गोळी_बाटली

औषधच करतात. कोल्चिसिन १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळं काढलं, ते युरोपातल्या कोल्चिकम या वनस्पतीतून. ती आणि आपली कळलावी आज एकाच कुळात धरतात. वातरक्तात, म्हणजे युरिक आम्लामुळे पायाचा अंगठा सुजून ठणकतो त्यात, कोल्चिसिनची गोळी आजही देतात. गोळी अर्ध्या मिलीग्रॅमची! औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं साधं प्रतिजैविक सोबत घेतलं तरी रक्तातलं प्रमाण वाढून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो.

आणि कंबरडे, तुमचं नाव पाहून विचारतो. पाठ धरल्यावर स्नायू सैल करणारी गोळी कधी घेतली आहे? त्यावर थायोकोल्चिकोसाइड लिहिलेलं असेल तर तेही याच घराण्यातलं. गरोदरपणात तीही चालत नाही.

कंबरडे

घेतली आहे! आत्ता औषधांचा डबा उघडून पट्टीवरचं नाव वाचलं. म्हणजे गेली दोन वर्षं अग्निशिखेच्या नातलगाशी माझी चांगलीच ओळख आहे.

बियाणं

विषयांतर होईल पण राहवत नाही. कोल्चिसिनने पेशीचं विभाजन मध्येच अडतं, गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी दोन होत नाहीत. वनस्पतीला हे मानवतं. १९३७ साली हे लक्षात आलं आणि वनस्पतिपैदाशीचं एक नवं दार उघडलं. बिनबियांचं कलिंगड त्यातूनच आलं. साध्या कलिंगडाची गुणसूत्रं कोल्चिसिनने दुप्पट करायची, त्या झाडाचा साध्याशी संकर करायचा, की येणाऱ्या पिढीत गुणसूत्रांचे तीन संच होतात आणि बी धरत नाही. माणसाला मारणारं तेच द्रव्य नवं वाण घडवतं, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी मलाच नवल वाटतं.

शेवंती७१

आमच्या लहानपणी उवांसाठी आई कळलावीच्या पानांचा रस डोक्याला चोळायची. उवा जायच्या हे खरं.

रात्रपाळी

शेवंतीताई, उवा जातील, पण डोक्यावर खाजवून झालेल्या जखमा असतात, त्यातून आत जाऊ शकतं. कृपा करून नातवंडांना लावू नका. सीताफळाच्या बियांची पूडही नको, डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. उवांसाठी औषध मिळतं आणि फणी आहेच.

शेवंती७१

नाही हो लावणार. तेव्हाचं सांगितलं.

गडवाट

एक शंका. आमच्या गावी कळलावीलाच काही जण बचनाग म्हणतात. काष्ठौषधीच्या दुकानात बचनाग मिळतो तो हाच का?

वैद्य_सह्यकुशी

नव्हे, आणि हा घोळ फार घातक आहे. दुकानातला बचनाग म्हणजे वत्सनाभ, हिमालयातून येणारं मूळ. त्याचं विष वेगळं, ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं आणि परिणाम तासांत नव्हे, मिनिटांत दिसायला लागतो. महाराष्ट्रात कळलावीला खड्यानाग, बचनाग अशीही नावं आहेत. त्यामुळे कुणी 'बचनाग घ्या' म्हणालं तर कुठला, हे विचारायला हवं. खरं तर कुठलाच आपल्या हाताने घ्यायचा नाही. दवाखान्यात सांगताना मात्र नावापेक्षा पानफूल दाखवा.

पाऊसवाट

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात बोलणं चालू होतं.

रात्रपाळी यांचा प्रतिसाद मी आत्याला वाचून दाखवला. केसांच्या पुंजक्यांपाशी तिने मला थांबवलं. मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि नंतर तिने जे सांगितलं ते मी आजवर कधीच ऐकलं नव्हतं.

साधारण साठ वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण, सासरी, शास्त्री नदीपलीकडच्या वाडीत. ऐन श्रावणात पूर आलेला, नदी ओलांडायची होडी बंद. दीड दिवस कळा आल्या आणि मग थांबल्या. सुईण भिजत आली आणि तिने कंद बांधला. सकाळी मूल झालं, पण ते रडलं नाही. आत्या वाचली. तिच्या मनात इतकी वर्षं हिशोब असा आहे की कंद बांधला म्हणून ती वाचली, आणि आधीच बांधला असता तर मूलही वाचलं असतं. म्हणून तिला कंद सुकवून तयार हवा होता. वेळेवर.

मी तिला काय समजावणार होतो? बायकोच म्हणाली, "आत्या, तुम्ही माझ्यासोबत दवाखान्यात चला. तिथे तुम्ही माझ्या उशाशी बसा." नाव नोंदवलंय, गाडी सांगून ठेवलीय, नवव्या महिन्यात तालुक्याला मावसभावाकडे राहायला जाणार आहोत, म्हणजे पूर आला तरी नदी आड येणार नाही. हे ऐकल्यावर आत्याच म्हणाली, मग कंद कशाला.

आईनेही माजघर यांचं नारदाचं ऐकून हसून घेतलं. पण वेल दारात नको यावर ती ठाम आहे आणि मुलीमुळे मलाही ते पटतं. वेल वाळला की हातमोजे घालून कंद काढायचे आणि मागच्या डोंगरउतारावर, जिथे मुलगी जात नाही तिथे पुरायचे असं ठरलंय. तोवर गडग्याच्या त्या भागाला जाळी लावली आहे.

एकच प्रश्न उरलाय. गौरी आठवड्यावर आल्या. तळकोकणींचं वाचल्यापासून आईला गौरीचे हात हवेच आहेत. फुलं वापरली तर चालेल?

हिरवी_फांदी

चालतील. मोठ्या माणसाने देठापासून कापावीत, नंतर साबणाने हात धुवावेत. गौर उंचावर मांडा, मुलीचा हात पोचणार नाही इतकी. गळलेल्या पाकळ्या लगेच उचला. कंद काढताना तुटलेले तुकडेही गोळा करा, बारीक तुकड्यातूनही पुढच्या पावसाळ्यात कोंब येतो.

वैद्य_सह्यकुशी

आणि फुलं प्रसादाच्या ताटात किंवा तीर्थाच्या भांड्यात नकोत, फक्त गौरीला. निर्माल्य वेगळ्या पिशवीत ठेवा. आपल्याकडे ते सवयीने गोठ्याच्या बाजूला टाकतात, तसं करू नका. गुरांनाही हे विष तितकंच लागतं. खड्ड्यात पुरून टाका.

पाऊसवाट

गाय आहे आमच्याकडे, गाभण. बरं झालं सांगितलंत, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. खड्डा गोठ्यापासून लांब, फणसाखाली काढतो.

तळकोकणी

गौरीचो फोटो टाका हां. आणि आत्येक आमचो नमस्कार सांगा.